शिळेच्या मावशीचा जबाब

कूळकायद्यावरून आमच्या नौपाड्यातल्या घरात दोन पक्ष होते आणि दोन्ही एकाच पंगतीला जेवत. वडील शाळेत शिकवत आणि संध्याकाळी सभांमधून 'कसेल त्याची जमीन' या विषयावर बोलत. त्यांचे थोरले भाऊ, आमचे काका, शीळफाट्याजवळची घरची भातशेती सांभाळत. सांभाळत म्हणजे सुगीनंतर कुळाने द्यायचं खंडाचं भात उतरवून घेत. शेतात राबे ती एक विधवा आगरी बाई, आमचं कूळ. तिला आम्ही शिळेची मावशी म्हणत असू.

"सभेत जमीन वाटायला तुझं काय जातं?" काका वडिलांना विचारत. "चिखलात मी जातो."

"तू बांधावर छत्री घेऊन उभा असतोस."

"अरे, छत्री धरायलाही माणूस लागतोच ना!"

आई दोघांच्या पानात एकदमच आमटी वाढी आणि वाद तेवढ्यापुरता थांबे.

पुढे कायद्यात दुरुस्ती झाली. जमीन कसणाऱ्या कुळाची, असं सरकारने ठरवलं. मात्र 'विकत घेते' हे कुळाने अधिकाऱ्यासमोर स्वतः सांगायचं होतं. नको म्हटलं की हक्क जाणार आणि जमीन मालकाकडे परत यायचा रस्ता मोकळा होणार. मावशीला दुसरी जमीन नव्हती.

वडिलांनी तिला घरी बोलावून समजावलं. "'घेते' एवढा एकच शब्द बोलायचा."

"तुमच्या म्होरं हजारदा बोलते," मावशी म्हणाली. "पन मोठे मालक बसलेले असतील तर?"

"तो काही करणार नाही."

"करनार नाय, ते मना ठावं हाय. पन त्यांच्या तोंडावर तुमची जमीन घेते म्हनू? मंग दिवालीला या घरात येव कशी?"

तिची अडचण खरी होती. काकांना ती थोरल्या दिराच्या ठिकाणी मानी. त्यांच्याशी ती आयुष्यात सरळ बोललेली नव्हती. दाराआड उभी राहून आईला म्हणे, "मालकांना सांग बाय, औंदा पाखरांनी लय खाल्लं." काका चार हातांवर बसलेले असत. आई तेच वाक्य त्यांना सांगे, मग काका आईला उत्तर देत.

मी तेव्हा ठाण्याच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहीत होतो, म्हणून सुनावणीला गेलो. वडिलांची शाळा होती. कचेरीतल्या खोलीत अधिकाऱ्याचं टेबल, समोर दोन बाकं. एका बाकावर कोट-टोपीतले काका, दुसऱ्यावर मावशी. खरं तर ती बसलीच नाही, बाकाला टेकून उभी राहिली.

"बाई, तुम्ही कसता ती जमीन विकत घ्यायला राजी आहात?"

मावशीने पदर आणखी पुढे ओढला. मग माझ्याकडे वळून हलकेच म्हणाली, "बाला, सायबांना सांग..."

"तिसऱ्याच्या तोंडून चालणार नाही," अधिकारी म्हणाले. "मला सांगा. हो की नाही?"

अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं. बाहेर पुष्कळ लोक खोळंबले होते. "बोलणार नसाल तर नाखुशी म्हणून लिहितो," ते म्हणाले आणि त्यांनी टाक दौतीत बुडवला.

काका नुसते बसून राहिले असते तरी जमीन हातची गेली नसती. ते उठले. एकदा खाकरले, खिडकीपाशी गेले आणि खोलीकडे पाठ करून उभे राहिले. घरी मावशी ओटीवरून जाताना ते असेच भिंतीकडे वळत.

"घेते," मावशी म्हणाली. "लिवा सायेब. मी घेते."

लिहून झालं, अंगठा उठला. मावशी बाहेर गेल्याची खात्री झाल्यावरच काका वळले.

घरी जेवताना हकीकत ऐकून वडील भावाकडे वळले. "दादा, तू उठलास कशाला?"

"मग काय करू? परक्या बाईला तोंड उघडायचंय आणि मी तिच्याकडे टक लावून बसू?" काका चिडले होते. जमीन गेल्याचं दुःख होतंच. ते त्यांनी कधी लपवलं नाही. "आमच्यामागून चौघं जण 'नको' म्हणाले. मी बाहेर उभा राहून ऐकलं. मालक समोर मिशी पिळत बसलेले. तुमच्या कायदेवाल्यांना एवढी अक्कल नाही? कुळाला विचारायचं तर आधी मालकाला खोलीबाहेर काढा."

वडिलांनी हात धुतले आणि माझ्याकडे कागद मागितला. सरकारकडे पाठवायचा अर्ज त्यांनी तिथेच लिहायला घेतला आणि त्यात ही सूचना जशीच्या तशी घातली.

"सही करतोस?" त्यांनी काकांना विचारलं.

"मी? कूळकायद्याच्या अर्जावर?" काका म्हणाले. "आधी वाच बघू काय लिहिलंयस ते."