बाहेर तोंड केलेल्या चपला

पाटोद्यात दूध सोसायटीच्या माडीवर आमचा कॉम्प्युटर क्लास चालायचा. आम्ही बारा पोरं आणि ती एकटीच मुलगी. माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची, कुणाशी फारसं बोलायची नाही. आमच्या चपला दारात कशाही पडलेल्या असायच्या. तिच्या मात्र बाहेर तोंड करून. त्या वर्षी दुष्काळ होता आणि पाण्याचा टँकर नेमका क्लासच्या वेळेला यायचा. हॉर्न वाजला की ती उठायची. उरलेला प्रोग्राम घागरींच्या रांगेत उभी राहून वहीत लिहायची.

एकदा सर चिडले. "कामून उठतीस गं? अर्धाच तास राहिलाय."

"पाणी न्हाई भरलं तर घरी काय प्यायचं, सर?"

जाताना तिनं आदल्या दिवशी रांगेत लिहिलेली वही माझ्यापुढं सरकवली. "एवढं टाईप कर रे."

प्रोग्राम पहिल्याच फटक्यात चालला. सरांनी माझी पाठ थोपटली. मी तिची वही दप्तराखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, "चाललं का?"

परीक्षेआधीच ती यायची बंद झाली. खुर्ची तशीच रिकामी राहिली.

आता ऑफिसात कुणीतरी विचारतं, प्रोग्रामिंगला मुली इतक्या कमी कशा? मला तो हॉर्न आठवतो. टँकर आमच्याही गल्लीत त्याच वेळेला यायचा. तिथं रांगेत माझी बहीण उभी असायची, म्हणून मला कधी उठावं लागलं नाही.