प्रसाद कोण करणार, आणि मी काय गृहीत धरलं

त्या रविवारी वाशीच्या आमच्या नव्या घरात सत्यनारायण ठरला... आणि त्याच दिवशी मुंबईत माझी बँकेची परीक्षा! ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पुढच्या वर्षी माझं वय बसणार नव्हतं, म्हणजे हाच शेवटचा चान्स.

गणित येत होतं. अडायचं ते 'विधान आणि गृहीतक'पाशी. 'लवकर निघा, म्हणजे बसमध्ये जागा मिळेल', यात काय गृहीत धरलंय? मी आपली 'बसचा प्रवास स्वस्त असतो' यावर खूण करायचे... कारण ते खरं होतं ना!

माझ्याबरोबर अभ्यासाला सुलभा यायची, वाशी गावातली. ती म्हणाली, "खरं हाय का, ते नको बघू. दिलेला पर्याय उलटा करून बघ. वाक्य पडलं, तर तेच गृहीतक."

केलं उलटं. बस महाग असली तरी सल्ला शाबूत... पण लवकरच्या बसलाही जागा नसेल, तर लवकर निघून उपयोग काय? पडलं की वाक्य! मग काय, दुपारभर आम्ही वाक्यंच पाडत बसलो.

त्याच संध्याकाळी पूजेचा विषय निघाला. सासूबाईंचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता. त्यांनी विचारलं, "तू परीक्षेला गेलीस, तर प्रसाद कोण करणार?"

झालं... गेली परीक्षा. डोळे भरूनच आले माझे. आत जाऊन रडणार, तेवढ्यात डोक्यात आलं, परीक्षा गेली हे मी ठरवलं कशावरून? यांना मला पाठवायचं नाही, हे धरूनच ना? आणि ते तसं नसेलच तर?

धीर करून विचारलं, "आई, मी जाऊ नये असं वाटतं का तुम्हाला?"

त्या म्हणाल्या, "असं कुठं म्हटलं मी? प्रसादाचं विचारलं फक्त."

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. लग्नाआधी गिरगावात खोलीवर राहायचे, तेव्हा स्वतः रांधायचे म्हणे. शिरा मी करतो, म्हणाले, हिने शेजारी बसून सांगावं.

रविवारी सुलभा आणि मी सकाळीच निघालो. पेपरात गृहीतकांचे प्रश्न दिसले आणि बाकावर उडी मारायचीच बाकी राहिली... दोघीही पास झालो!

पुढे वर्षानुवर्षं नोकरी केली. पण त्या संध्याकाळी विचारलं नसतं, तर सासूबाईंवर राग धरून मी जन्मभर घरात बसले असते... आणि त्या बिचाऱ्यांना कारणही कळलं नसतं.