पडली नाही, उतरली

माझ्या दोन्ही नातवंडांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं की आजी समुद्रात पडली. फोटोही दाखवला. मी त्यात कमरेपर्यंत पाण्यात बसलेली आहे, हे खरं. पण ‘पडली’ हे क्रियापद चुकीचं आहे. मग तुमच्यादेखत माझ्याकडून वचन मागितलं गेलं, की यापुढे असल्या सहली बंद. लेखी उत्तर देईन, असं मी म्हटलं होतं. ते हे.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. मी जन्मभर इंग्रजीच शिकवलं. पण ज्या गोष्टीच्या जोरावर मी समुद्रातल्या किल्ल्याच्या बेटावर उतरले, तिला इंग्रजीत नाव नाही. तेव्हा सावकाश वाचा. अडलं तर बाबांना विचारा, म्हणजे त्यांचंही वाचून होईल.

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतल्या, सकाळी फिरायला जाणाऱ्या आम्ही अकरा जणी. थंडीत गाडी ठरवून हर्णैला गेलो. सहल नेणारे गृहस्थ तुमच्या बाबांच्या वयाचे, व्यवस्थित. त्यांनी छापील कार्यक्रम दिला होता. डॉल्फिन, मासळीचा लिलाव, दीपगृह, वाळूवर पॅराशूट, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता होडीने सुवर्णदुर्ग. त्याखाली बारीक अक्षरात, ‘ज्येष्ठांसाठी होडीतून दर्शन.’ दर्शन देवाचं घेतात. किल्ल्यात पाय ठेवायचा असतो.

पहिल्या दिवशी बाकीच्या पॅराशूटला लटकायला गेल्या आणि त्यांच्या पर्सेस, चपला, चष्मे माझ्या मांडीवर आले. कुणी विचारलं नाही, मीही सवयीने घेतलं. त्या ढिगाऱ्यामागे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की मी आयुष्यभर इथेच बसले आहे. शाळेची सहल कळवणकडच्या डोंगरावर गेली, मी पायथ्याशी डबे राखत बसले. इगतपुरीच्या धबधब्यापाशी मुली भिजल्या, मी टॉवेल धरले. आणि तुमचे बाबा बारा वर्षांचे असताना आम्ही याच हर्णैला आलो होतो. ते आणि तुमचे आजोबा किल्ल्यात जाऊन आले. पायरीवर दगडात कोरलेलं कासव आहे, हे तुमचे बाबा आठवडाभर सांगत होते. तेवढा वेळ त्यांच्या चपला कुणी सांभाळल्या, हे त्यांना आज आठवत नाही. मला आठवतं. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता.

त्या संध्याकाळी बंदरावर आमचा होडीवाला भेटला. माझ्याहून थोडा लहान असेल. मी त्याला सरळ विचारलं, माझा गुडघा बदललेला आहे, मला किल्ल्यात उतरता येईल का? त्याने माझ्या पायाकडे पाहिलंच नाही. त्याने विचारलं, “उद्या तिथ काय?”

सोबत आलेल्या सहलवाल्यांनी तिथी बघायला फोन काढला. मला फोनची गरज नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी माझा उपास होता. मी म्हटलं, “संकष्टी. चतुर्थी.”

“मग चाराची पाऊणपट करा.”

आता हे नीट समजून घ्या. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पुरी व्हायची वेळ येते, साधारण. त्याच्या सहा तास आधी पाणी सगळ्यात खाली. खाली गेलेल्या पाण्याला तिकडे सुकती म्हणतात. आणि पाऊणपटीचा पाढा, म्हणजे पाऊणकी, माझ्या वडिलांनी माझ्याकडून घोकून घेतली होती. ते इगतपुरीला रेल्वेत होते. पुढे इंग्रजी शाळेत मी ती मोठ्याने म्हटली तेव्हा अख्खा वर्ग हसला आणि मी ती गिळून टाकली. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन.

“चार पाऊण तीन,” मी म्हटलं.

होडीवाला हसला. “घाटावरच्या बायांना येते म्हणायची पाऊणकी. आम्हाला वाटायचं, तुम्ही पाण्याला हात जोडून परत जाता.”

मग त्याने आमची चूक सांगितली. दुपारी तीनला पुरी भरती, म्हणजे पाणी भरपूर, होडी थेट दारात लागेल, असा आमचा सगळ्यांचा हिशेब. गंगापूर धरण भरलं की होडी काठाशी येते, तेच डोक्यात. समुद्रात उलटं असतं. भरतीला दारापुढची वाळू बुडते आणि लाट होडीला खडकावर घालते. सकाळी नऊला तिथे गुडघाभर पाणी असतं, खाली वाळू. चालत जाता येतं.

मी सहलवाल्यांना म्हटलं, आपण सकाळी जाऊ. त्यांनी नाश्त्याचं कारण काढलं. मला संकष्टी, मला नाश्त्याशी काय करायचं? मग डॉल्फिनचं निघालं. डॉल्फिन दुपारीही पोहतात, मी म्हटलं. शेवटी बिचाऱ्यांनी खरं सांगितलं.

“काकू, तुमच्या मुलाचा फोन आला होता. तुम्हाला किनाऱ्यावर बसवा म्हणाले. सगळ्यांचं सामानही राहील तुमच्यापाशी.”

“सामान ज्याचं त्याने घ्यायचं,” मी म्हटलं. “मी नऊला होडीत असेन.”

अकरापैकी सात जणी आल्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचून मी होडीच्या काठावर बसले. होडीवाल्याने हात पुढे केला, पण ओढलं नाही. लाट मागे गेल्यावर “आता, बाई” एवढंच म्हणाला. मी उतरले. पाण्यात, स्वतःच्या पायांवर. चार पावलं चालले. पाचव्याला शेवाळलेला दगड लागला आणि मी खाली बसले. कालवाच्या कवचाने टाच थोडी कापली. मैत्रिणीने फोटो काढला तो त्या क्षणाचा. नंतरचा, मी उठून चालत गेले तो, तुमच्या बाबांपर्यंत पोचलेला दिसत नाही. सोबत पाठवते आहे.

महादरवाजापाशी कासव सापडलं. पाठ झिजली आहे, पाय ओळखू येतात. मी ओला हात त्याच्यावर ठेवला. आत पडकी जोती, रान, हिरवट पाण्याची टाकी. तटावरून हर्णैचा किनारा दिसतो. मी जिथे चपला घेऊन बसले होते ती जागा तिथून शोधली. नखाएवढी होती.

तेव्हा माझं उत्तर असं. वचन देणार नाही. पडायची भीती मलाही आहे, पण बसून राहायचं तेवढं मी राहिले. तुम्ही उन्हाळ्यात आलात तर तिथी मी पाहून ठेवीन. तुमच्या चपला तुम्ही सांभाळा.

टाचेची जखम भरली. कासव पायरीवर आहे. पाऊणकी मला अजून येते, तीसपर्यंत.