हेलसिंकी ते स्टॉकहोम, शून्य मिनिटं

जपानमध्ये कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा हे ठरलेलं असतं. किश्श्यांचा वार मात्र कुणी सांगत नाही, म्हणून ते साठतच जातात! आमचे साठले ते कावासाकीच्या ऑफिसात, मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षात. काम काय, तर युरोपातल्या कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर आणि फ्लाइट टाइम दाखवणारं सॉफ्टवेअर. टीममध्ये मी, पुण्याचा सबनीस आणि आमचे मॅनेजर मोरी-सान. तिघांपैकी युरोप कुणीच पाहिलेला नाही!

*

पहिल्याच डेमोत सबनीसने हेलसिंकी-स्टॉकहोम टाकलं. अंतर चारशे किलोमीटर. फ्लाइट टाइम, शून्य मिनिटं!

दोन्ही शहरांच्या घड्याळांत तासाचा फरक. विमान आठला निघतं आणि तिथल्या आठलाच उतरतं. सबनीसने सरळ वजाबाकी केली होती.

मोरी-साननी आकडा वहीत उतरवून घेतला. मग म्हणाले, "आमच्या शिनकानसेन बुलेट ट्रेनपेक्षा फास्ट आहे."

घाबरून सबनीसने परतीचं विमान टाकलं. आले दोन तास!

सबनीस म्हणाला, "परतीला वारा उलटा असतो, मोरी-सान."

*

तेव्हा अधूनमधून धक्के बसायचेच. मीटिंगमध्ये खिडक्या वाजल्या की आम्ही दोघं टेबलाखालची जागा बघून ठेवायचो. मोरी-सान मान वर न करता म्हणायचे, "दोन." म्हणजे तीव्रता! आणि रोमचं राहिलेलं वाक्य पूर्ण करायचे.

एकदा ते "दोन" म्हणाले आणि मोबाइलवर तीव्रता आली तीन. मोरी-सान उठले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "माफ करा. तीन."

*

टोकियोतल्या ओजिमाला घरी पोचल्यावर मी सोफ्यावर आडवा झालो. "आज पॅरिस, व्हिएन्ना, रोम सगळं केलं. पार थकलो गं."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणि खालच्या कोनबिनी स्टोअरमधून दूध?"

*

मुलीला शाळेत विचारलं, बाबा काय करतात? तिने अस्खलित जपानीत सांगितलं, "बाबा कुठेच जात नाहीत. पण जायला किती वेळ लागतो ते त्यांना माहीत असतं."

टीचरनी वहीत लिहिलं, 'छान निरीक्षण'!

*

हा शेवटचा मात्र सबनीस स्वतः सांगतो, लेकीला मांडीवर घेऊन.

धक्क्यांना घाबरून सासऱ्यांनी त्याच्या बायकोला, मीनलला, बाळंतपणासाठी पुण्याला नेलं होतं. एके सकाळी त्यांचा फोन आला. मीनलला ॲडमिट केलंय, तीन आठवडे आधीच. आमचा रिलीज सोमवारी.

सबनीस फोन ठेवून टेस्टिंगला बसला. लंडन-पॅरिस. पुन्हा लंडन-पॅरिस.

मी म्हटलं, "अरे, जाऊन रजा माग!"

"आत्ता? कुठल्या तोंडाने?"

शेवटी मीच जाऊन मोरी-सानना सांगितलं. ते आले आणि सबनीसच्या खुर्चीमागे उभे राहिले. त्याने तेराव्यांदा लंडन-पॅरिस टाकलं.

"सबनीस-सान, मुंबईचं विमान किती वाजता आहे?"

"साडेअकराचं... पण मोरी-सान, रिलीज..."

मोरी-साननी खुंटीवरचा त्याचा कोट काढून त्याच्या हातात दिला.

"तुम्ही परत येईपर्यंत लंडन आणि पॅरिस तिथेच थांबतील."