किल्व्याच्या बखरीत अडलेला शब्द

शनिवारी सकाळी कुंदा जिना पुसत होती आणि मनातल्या मनात नवऱ्याला फैलावर घेत होती. जर्मनीतल्या गेर्लिंगेनमध्ये जिना झाडण्या-पुसण्याची पाळी दर आठवड्याला एकेका घराकडे येते आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर ‘केरवोखं’, म्हणजे झाडलोटीचा आठवडा, अशी पाटी लटकते. आपला केर या लोकांनी कधी पळवला कोण जाणे, असं ती नव्याने आलेल्या मराठी बिऱ्हाडांना हसत हसत सांगायची. आज मात्र तिला हसू येत नव्हतं. या वेळची पाळी विलासने कबूल केली होती. पण विलासरावांना सवड कुठली? ते आफ्रिकेत होते ना!

म्हणजे देहाने ते आत खुर्चीतच होते. उभा जन्म कंपनीत पंपांची ड्रॉइंग्ज काढून माणूस निवृत्त झाला, आता जरा घरात लक्ष घालेल, असं तिला वाटलं होतं. कसलं काय! जुन्या बाजारात त्याला एका बखरीचं जर्मन भाषांतर सापडलं. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किल्वा नावाचं बेट, तिथल्या जुन्या सुलतानांची ती हकिकत. शिराजच्या राजघराण्यातला अली नावाचा मुलगा गलबतातून येतो, बेटाला वेढा पडेल एवढं कापड देऊन बेट विकत घेतो आणि सुलतान होतो. हे मराठीत आलंच पाहिजे, असं गुहागरच्या समुद्रावर वाढलेल्या विलासने घेतलं डोक्यात. तो कागदावर लिहायचा आणि कुंदा टाइप करायची. सासरच्या माणसांपेक्षा किल्व्याचे सुलतान तिला जास्त ठाऊक झाले होते.

आता सगळी बखर तयार होती आणि दुसऱ्या पानावरचं एक वाक्य तेवढं अडलं होतं. अलीचे भाऊ त्याला हीन लेखत, कारण त्याची आई हबशी गुलाम होती, एवढंच ते वाक्य. विलासने ‘दासीचा मुलगा’ लिहिलं आणि खोडलं. ‘दुसऱ्या आईचा’ लिहिलं, तेही खोडलं. ‘धाकट्या घरातला’ यावर तर त्याने अशी रेघ मारली की कागद फाटला. पुण्याचा प्रकाशक श्रीधर, विलासचा कॉलेजातला मित्र, त्यानेही काल फोनवर हात टेकले होते. सोमवारपर्यंत मजकूर आला नाही तर पुस्तक यंदाच्या यादीतून गेलं, असं त्याने सांगून टाकलं.

“अहो, जर्मनमध्ये सरळ लिहिलंय. तुमचं घोडं अडलंय कुठे?” कुंदाने दारातून विचारलं.

“आल्झो... म्हणजे, अजून जमत नाहीये.”

तिने बादली तिथेच ठेवली, हात पुसले आणि कपाटातला जाडजूड जुना शब्दकोश काढला. एका वाक्यापायी घरदार वेठीला धरायचं म्हणजे काय! थोड्या वेळाने शब्द सापडला. तिने तो टाइप केला आणि विजयी आवाजात वाचून दाखवला.

“ऐका. ‘भाऊ त्याला हीन लेखत, कारण तो लेकावळा होता.’ दासीच्या पोटच्या मुलाला अस्सल मराठी शब्द आहे. तुम्हाला कसा सुचला नाही?”

विलासने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सुचला होता,” तो म्हणाला. “पहिल्याच दिवशी. मला त्याच नावाने हाक मारायचे ना.”

“कोण?”

“थोरले दोघं भाऊ. ते आत जेवायचे, आई आणि मी पडवीत. तुला सांगितलं होतं तशी आई दुसरेपणाची नव्हती, कुंदा. लग्नच झालं नव्हतं तिचं. ती त्या घरात कामाला होती.”

कुंदाने शब्दकोश मिटला. दर मे महिन्यात ती गावाला जायचा हट्ट धरायची, आणि दर मे महिन्यात याला रजा नसायची. माणसाला गावाची ओढच नाही, असं तिने चारचौघांत किती वेळा बोलून दाखवलं होतं! तिला त्याची कीव आली आणि त्याहून जास्त संताप आला.

“आणि हे मला आज सांगताय? मी काय परकी होते?”

“आई आपल्याकडे यायची तेव्हा तू तिच्या पाया पडायचीस. कळलं तर सून वाकणार नाही, असं तिला वाटायचं. तिने शपथ घातली होती.”

कुंदाच्या डोळ्यांसमोर तिची सासू आली. नमस्कार करताना दर वेळी घाईघाईने तिचे खांदे धरणारी, तिला नीट वाकूही न देणारी. ती लाजते असं कुंदा समजत होती.

“काढू का तो शब्द?” तिने विचारलं.

विलासने चष्मा पुन्हा लावला आणि पडद्यावरचं वाक्य वाचलं.

“नको. शब्द बरोबर आहे, वाक्य चुकलंय. ‘तो लेकावळा होता’ असं नको. त्याची आई गुलाम होती आणि भाऊ त्याला लेकावळा म्हणत, असं कर.”

कुंदाने जुनं वाक्य पुसलं आणि नवं टाइप केलं.

“मेल्यांना दुसरा उद्योग नव्हता,” ती म्हणाली, आणि तिने बखर श्रीधरला पाठवून दिली.