सपाट रस्त्यावरचा चढ

आमच्या डब्लिनमध्ये, म्हणजे ओहायोतल्या, चढ शोधून सापडत नाही. तरी शेजारच्या अपार्टमेंटमधला माझा मित्र दर शनिवारी मक्याच्या शेतांमधल्या खडीच्या रस्त्यावर सायकल चालवताना धापा टाकायचा. मी बरोबर असलो की सहज पुढे निघून जायचो. मला त्याचं कोडंच होतं.

एकदा नीट पाहिलं, तर पठ्ठ्या पेडल मारताना मागचा ब्रेक दाबून धरत होता.

"टस्कनीतले खडीचे चढ असेच दमवतात यार," तो म्हणाला. "प्रॅक्टिस करतोय." थोड्या वेळानं ब्रेक सोडून म्हणाला, "हं, आता उतार."

इटलीतल्या त्या टेकड्यांच्या नकाशांचे प्रिंटआउट त्याच्या फ्रिजवर लावलेले होते. तिकीट मात्र दरवर्षी कॅन्सल व्हायचं. ग्रीन कार्ड आलेलं नव्हतं, आणि परत येताना व्हिसा अडकला तर, ही धास्ती.

शेवटी कार्ड आलं. पेढे द्यायला तो स्वतः आला. पुढच्या शनिवारी मी विचारलं, "मग, इटलीचं बुकिंग केलंस?"

"करू की," तो म्हणाला. "पण चढ अजून नीट जमत नाही रे."

समोर रस्ता सरळ, सपाट पडला होता. त्यानं ब्रेक दाबला.