बागेतली शुगर

आमच्या मुलीला आजार आहे, पण अजून झालेला नाही. अकोल्याच्या सासरी आणि मोर्शीच्या माहेरी हे मी इतक्या जणांना समजावलंय की आता माझाच गोंधळ उडतो. नवऱ्याला शाळेत असल्यापासून टाइप वन मधुमेह आहे, इन्सुलिन टोचल्याशिवाय त्याच्या पोटात घास जात नाही. म्हणून अमरावतीच्या डॉक्टरांनी मुलीचंही रक्त तपासायला लावलं. कळलं ते असं, की आजाराने आतून सुरुवात केली आहे, साखर मात्र अजून व्यवस्थित आहे. ती कधी वाढेल ते सांगता येत नाही. तोवर औषध नाही, पथ्य नाही, फक्त लक्ष ठेवायचं. तहान, लघवी, वजन बघायचं आणि मधूनमधून बोटाला टोचून साखर तपासायची.

लक्ष ठेवण्यात आम्ही दोघांनी कसूर केली नाही. तहान हेच लक्षण धरलं तर मे महिन्यात अख्खं अकोला दवाखान्यात भरती करावं लागेल, पण हे सांगणार कोणाला? पोरगी माठाकडे गेली की नवऱ्याचा पेपर खाली यायचा. ती बाथरूमकडे निघाली की माझी भाजी चिरायची थांबायची. एकदा वैतागून ती म्हणाली, तुम्ही दोघं आधी जाऊन या, मग मी जाते.

माझ्या वडिलांना हे सगळं शहरातलं खूळ वाटायचं. मोर्शीजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे, आणि बागेपेक्षा जास्त गर्व खानदानाचा. "आमच्या खानदानात कोनाले शुगर नाई," असं ते नेमकं जावयासमोर म्हणायचे, जणू त्याने ती अकोल्याहून पिशवीत भरून आणली होती. नवरा बिचारा हसून ताटातला भात कमी करायचा.

गेल्या हिवाळ्यात संत्र्याची तोड चालू असताना मी मुलीला घेऊन माहेरी गेले. नवरा कामामुळे अकोल्यालाच राहिला. आजोबा आणि नात सकाळपासून झाडाखाली बसून संत्री सोलत होते, सोलता सोलता खात होते. साखर बघायचा दिवस होता. नळ बागेच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणून मी पोरीचं बोट स्पिरिटच्या कापसाने पुसलं आणि टोचलं. मशीनने तीनशेच्या वर आकडा दाखवला. दुसरं बोट टोचलं, तर आणखी वर.

सुरू झालं वाटतं, एवढंच मी वडिलांना म्हणाले. त्यांनी हातातलं संत्रं खाली ठेवलं. मग आपला हात पुढे केला. "मले बी टोच. लेकराले एकटीले काहून?"

टोचलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आणि त्यांचा आकडा नातीच्याही पुढे गेला.

मी नवऱ्याला फोन करून थेट अमरावतीला यायला सांगितलं आणि आम्ही गाडीत बसलो. चहात साखर कमी पडली तर आईशी भांडणारे माझे वडील मागच्या सीटवर आडवे झाले. वाटेत त्यांनी चहा नाकारला, बाग विकणार नाही असं माझ्याकडून वदवून घेतलं, आणि बारीक आवाजात म्हणाले, "जवायाले सांग, आमच्याई खानदानात हाये." मुलगी त्यांचा हात धरून बसली होती आणि इन्सुलिन घेतलं की सगळं खाता येतं म्हणून त्यांना धीर देत होती.

आमचा नंबर लागेपर्यंत नवराही दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. इतकी वर्षं तो स्वतःला टोचत आला, पण मी त्याला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी मुलीला विचारलं, सकाळपासून काय काय केलं. तिने सांगितलं. त्यांनी तिच्या बोटांचा वास घेतला आणि आजोबा-नातीला साबणाने हात धुवायला पाठवलं. धुतलेल्या बोटांची साखर दोघांचीही ठीक निघाली. संत्र्याचा रस स्पिरिटने नीट जात नाही, तो रक्ताच्या थेंबात मिसळला होता. मी माणसांची नाही, बागेची शुगर मोजत होते. मला तिथेच रडू फुटलं, आणि त्याची मला अजिबात लाज वाटली नाही. वडील मात्र बाहेर पडेपर्यंत पूर्ववत झाले होते. खानदानात नाहीच, हे त्यांनी कंपाउंडरलाही ऐकवलं.

मग समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. वडिलांनी स्वतःच्या चहात वरून साखर मागून घेतली. मुलगी बापाला टेकून उभी होती.

"पप्पा, मला खरंच झालं की मग टोचायला तुम्ही शिकवाल?"

"मीच शिकवीन."

"दुखतं का?"

आजवर तो तिला नाहीच म्हणत आला होता. त्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"दुखतं. थोडंसं."

तिने मान डोलावली. मग आजोबांकडे बघून हळूच म्हणाली, "तेव्हा आबाले नका बोलवू. ते लय रडतात."

वडिलांनी ते ऐकलं. चहाचा कप त्यांनी तसाच खाली ठेवला. "येईन मी," ते म्हणाले. "रडीन, पन येईन."